जुना पीटरसन पाइप साफ करताना काय काढायचं आणि काय राहू द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांच्या ट्रंकेत एक वाकडा पाइप सापडला आहे. लाकडावर बारीक अक्षरांत ‘पीटरसन्स सिस्टिम’ आणि त्याखाली ‘आयरिश फ्री स्टेट’ असं उठवलेलं आहे, आणि दांड्याच्या टोकाला पांढऱ्या धातूची कडी आहे. तोंडात धरायची नळी मुळात काळी असावी, पण आता शेवाळी-तपकिरी पडली आहे आणि जाग्यावरून हलत नाही. तंबाखूच्या वाटीत कोळशाचा जाड थर बसला आहे. ओळखीचा सुतार घासून मेलामाइन मारून द्यायला तयार आहे, सराफ कडी उजळून देईन म्हणतो. द्यावा का? आणि कडी चांदीची आहे का?

दोघांकडेही देऊ नका. दोघं आपापल्या कामात कितीही वाकबगार असले, तरी त्यांचं काम वस्तू नवी दिसावी यासाठी असतं. तुमच्या पाइपमध्ये जपण्यासारखं जे आहे, ते बहुतेक सगळं पृष्ठभागाच्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये आहे: लाकडावरचा ठसा, कडीवरच्या खुणा, वाटीची कड, मूळ रंग. वर्षानुवर्षं ट्रंकेत पडून यांतलं काहीच गेलं नाही. पॉलिश पेपरच्या दहा मिनिटांत सगळं जाईल. म्हणून या कामाचा माझा एकच नियम आहे. वापरताना जे वरून चढलं तेवढं काढायचं आणि मूळ वस्तूला हात लावायचा नाही. पुढचं सगळं या नियमाला धरून आहे.

आधी तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. पीटरसन ही डब्लिनची कंपनी, जुन्या पाइपांवर तिचं नाव ‘कॅप अँड पीटरसन’ असं असतं. चार्ल्स पीटरसन हा मूळचा लाटव्हियाचा कारागीर. त्याने 1890 साली ‘सिस्टिम’ पाइपचं पेटंट घेतलं. साध्या पाइपमध्ये धुरातला ओलावा सरळ तोंडाकडे येतो. पीटरसनने दांड्यात, धुराच्या भोकाच्या खालच्या बाजूला, एक छोटी विहीर कोरली. ओलावा तिथे साचतो आणि धूर वरून नळीत जातो. 1898 मध्ये त्याने नळीच्या टोकाचंही पेटंट घेतलं. त्यात भोक समोर नसून वरच्या बाजूला असतं, त्यामुळे धूर जिभेवर न येता टाळूकडे जातो. तुमच्या नळीचं टोक पाहा, भोक वर दिसेल. ही रचना समजून घ्यायला हवी, कारण सगळ्यात जुनं आणि सगळ्यात घाण कीट त्या विहिरीतच असतं, आणि वरवर साफ करणाऱ्याला ती दिसतच नाही.

‘आयरिश फ्री स्टेट’ या नावाचं राज्य 1922 ते 1937 एवढाच काळ होतं. म्हणजे हे शब्द लाकडावर उठवले गेले तो काळ साधारण हाच. ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ असं असतं तर पाइप 1949 नंतरचा ठरला असता. पाइपचं वय सांगणारा दुसरा कुठलाही कागद बहुधा तुमच्याकडे नसेल, म्हणजे या तीन शब्दांवरच सगळी भिस्त आहे. ते आधीच झिजलेले असतील. आजच अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरून त्यांचे फोटो काढा, चारही बाजूंनी. मग कामाला हात लावा.

आता कडी. भिंग घेऊन पाहा. डब्लिनच्या तपासणी कार्यालयाची खरी चांदीची खूण म्हणजे मुकुट घातलेली वीणा, शेजारी बसलेली स्त्री म्हणजे हिबर्निया (आयर्लंडचं स्त्रीरूप), आणि वर्ष सांगणारं एक अक्षर. सोबत ‘के अँड पी’ हा बनवणाऱ्याचा ठसा असतो. पण भिंगातून तिपानी शॅमरॉक, शिकारी कुत्रा आणि गोल मनोरा दिसला, तर ती निकेलची कडी आहे. पीटरसनने निकेलच्या कड्यांवर ही तीन चित्रं हॉलमार्कच्या धाटणीने उठवली होती, आणि आजही कित्येक जण ती चांदी समजून जास्त पैसे मोजतात. कडी निकेलची निघाली म्हणून हिरमुसू नका. तोच पाइप, त्याच कारखान्यातला, रोजच्या वापराचा. उलट रोज हातात असलेली वस्तू हीच, असं मी तरी मानतो.

कडी चांदीची असेल तर एक गोष्ट कळकळीने सांगतो: रांगोळीने घासू नका. आपल्याकडे देवाची चांदी रांगोळीने किंवा दंतमंजनाने लख्ख करायची पद्धत आहे. रांगोळी ही दगडाची भुकटी आहे, आणि पाइपच्या कडीचा पत्रा कागदासारखा पातळ असतो. वीणा आणि हिबर्निया दोन-चार वेळच्या घासण्यात पुसट होतात. तांब्यापितळेची भांडी घासायची आंबट पावडरही नको. अतिशय बारीक खडूची पूड पाण्यात कालवून कापसाच्या बोळ्याने, ठशाला वळसा घालून, हलक्या हाताने फिरवा. ठशाच्या खोबणीतला काळेपणा राहू द्या, त्यामुळेच खूण वाचता येते.

तुमचा पाइप ब्रायरचाच आहे, यात मला शंका वाटत नाही. तरी हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. ब्रायर म्हणजे एरिका आर्बोरिया या भूमध्य समुद्राभोवती वाढणाऱ्या झुडपाच्या मुळाशी तयार होणारी गाठ. ती कापून तासन्‌तास उकळतात, मग महिनोन्‌महिने वाळवतात. लाकूड घट्ट, जड, उष्णता सोसणारं. फ्रान्समधल्या सेंट क्लॉडच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याचे पाइप करायला सुरुवात केली आणि बाकीची लाकडं मागे पडली. पाइप पांढरा किंवा मधाच्या रंगाचा, हाताला अगदी हलका आणि दगडासारखा गार लागत असेल, तर तो मीरशॉम असू शकतो. हे खनिज तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरला मिळतं. त्याला खालची कुठलीही कृती लागू नाही. मीरशॉम सच्छिद्र असतो, द्रव शोषून घेतो आणि कोरताना ठिसूळपणे तुटतो. तसंच नळी खऱ्या अंबरची असेल तर तिला अल्कोहोलचा थेंबही लागू देऊ नका, तिची चमक कायमची जाते.

आता अडकलेली नळी. सिस्टिम पाइपची नळी आट्यांची नसते, निमुळती असते आणि कडीत नुसती दाबून बसवलेली असते. ती अडकते ती वाळलेल्या किटामुळे. पिळून काढायला गेलात तर दांडा उभा चिरतो, आणि ती चीर कडीच्या आत असल्यामुळे लवकर दिसतही नाही. आधी कीट मऊ करा. वाटीच्या तळाच्या भोकातून ड्रॉपरने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब सोडा, पाइप असा टेकवून ठेवा की द्रव दांड्याकडे उतरेल, आणि काही तास जाऊ द्या. तरी हलली नाही तर पाइप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. नळीचा एबोनाइट, म्हणजे कडक रबर, लाकडापेक्षा जास्त आकसतो. बाहेर काढल्या काढल्या सरळ ओढा, अगदी किंचित वळवत. नाही निघाली तर पुन्हा थेंब, पुन्हा वाट पाहणं. या एका पायरीवर दोन दिवस गेले तरी चालतील.

आयसोप्रोपिल इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत मागा, 99 टक्क्यांचं घ्या. सुताराचं स्पिरिट नको. त्यात मिथेनॉल असतं, आणि जी वस्तू पुढे कोणी तोंडाला लावू शकतं तिच्यात ते मुरवू नये. अल्कोहोल पेट घेतं हे तुम्हाला माहीतच आहे. तरी देवघर आणि गॅसची शेगडी या दोन्हींपासून लांब बसा.

वाटीतला कोळसा काढायला सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. जुन्या पाइपांत मला सगळ्यात जास्त दिसणारी इजा हीच असते. कोणीतरी टोकदार सुरी फिरवून वाटीचा गोल बिघडवलेला असतो आणि तळाशी खड्डा पाडलेला असतो. पाइपचा रीमर, म्हणजे वाटी आतून खरवडायचं पात्यांचं हत्यार, मिळाला तर उत्तम. सगळ्यात लहान पात्याने सुरुवात करा, जोर न देता फिरवा, मग पुढचं पातं. रीमर नसेल तर वाटीत सैल बसेल अशा गोल लाकडी दांड्याला 120 नंबरचा काचकागद गुंडाळा आणि सावकाश फिरवा. वेळ लागेल, पण भिंत गोल राहील.

किती काढायचं, यावर जाणकारांत दोन मतं आहेत. पाइप ओढणारे म्हणतात, मिलिमीटरभर थर ठेवा, तो लाकडाला जळण्यापासून वाचवतो. ते बरोबरच आहे. पण त्यांना त्यांच्या पाइपचा इतिहास माहीत असतो. तुमचा पाइप कित्येक वर्षं कोणी पाहिलेला नाही, आणि जाड कोळसा तापल्यावर लाकडापेक्षा वेगळ्या प्रमाणात फुगतो, त्यामुळे आतून भेगा पडलेल्या असू शकतात. म्हणून अनोळखी पाइप मी लाकूड दिसेपर्यंत साफ करतो आणि टॉर्च लावून भिंती पाहतो. केसासारख्या उथळ भेगा चालतात. नख अडकेल अशी भेग असेल, किंवा एखादी जागा काळी पडून टोचल्यावर भुसभुशीत लागत असेल, तर तो पाइप फक्त जपून ठेवण्यासाठी आहे, पेटवण्यासाठी नाही. पेटवायचा विचारच नसेल तर मात्र लाकडापर्यंत जायची गरज नाही. सुटं आहे ते काढा आणि थांबा.

यानंतर आतली सफाई. पाइपच्या कामात खरी मेहनत इथे आहे आणि दिसायला काहीच दिसत नाही, म्हणून लोक इथेच घाई करतात. पाइप क्लीनर कापसाचे घ्या. स्टेशनरीच्या दुकानात मुलांच्या हस्तकलेसाठी मिळणारे रंगीत झुपकेदार क्लीनर आत धागे सोडतात. अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक आत घाला. सुरुवातीचे क्लीनर डांबरासारखे काळे निघतील. विहिरीसाठी कापसाच्या काड्या, आणि घट्ट कीट खरवडायला बोथट टोकाचं काहीतरी. धुराचं भोक पूर्ण बुजलं असेल तर साडेतीन मिलिमीटरचं ड्रिल बिट बोटांनी फिरवा, यंत्राला लावू नका.

एवढं करूनही वास राहतोच, कारण कीट लाकडात मुरलेलं असतं. ते ओढून काढायला परदेशात जाडं मीठ आणि अल्कोहोल वापरतात. मला ते पसंत नाही. मीठ दांड्यात उतरलं आणि तिथे घट्ट बसलं तर दांडा फुटू शकतो. कापूस तेच काम बिनधोक करतो. निरांजनासाठी वळतो तशी कापसाची लांब, जरा घट्ट वात वळा आणि दांड्यातून विहिरीपर्यंत सरकवा. वाटीत कापूस सैल भरा. ड्रॉपरने अल्कोहोल सोडत जा, कडेच्या खाली थोडी जागा ठेवून थांबा. रात्रभर पाइप उभा राहू द्या, दांड्याचं तोंड वाटीच्या कडेच्या पातळीत येईल असा. सकाळी कापूस आणि वात गर्द तपकिरी झालेली असेल. दुसऱ्या रात्री पुन्हा करा. कापूस फिकट निघायला लागला की पाइप दोन-तीन दिवस हवेवर वाळवा. या सगळ्यात एक काळजी घ्या: अल्कोहोल बाहेरच्या लाकडावर सांडू नये. या पाइपांचे रंग अल्कोहोलमध्ये विरघळतात, एका ओघळाने कायमचा पट्टा पडतो.

बाहेरून साफ करायला फार काही लागत नाही. पाण्यात सौम्य साबणाचा थेंब, कापूस ओला करून पिळायचा, पुसायचं, लगेच कोरड्या फडक्याने टिपायचं. कडेवरची डांबरी खपली साबणाने निघत नाही. तिला लाळ लावा. हसू नका, संग्रहालयांत चित्रं आणि लाकूड साफ करणारे तज्ज्ञ ही पद्धत वापरतात. लाळेतली विकरं असा चिकट मळ सोडवतात आणि रंगाला धक्का लागत नाही. कापसाची काडी जिभेवर ओली करायची, फिरवायची, टाकायची, नवी घ्यायची. काडी पुन्हा तोंडात घालायची नाही. अर्धा तास बसलात तर बहुतेक कड मोकळी होते. त्याखाली लाकूड खरंच जळालेलं असेल तर काही जण वाटी उलटी करून काचकागदावर घासतात. कड सपाट होते, पण वाटीची उंची आणि तिचा डौल बदलतो. जळलेला काळा डाग राहू द्यावा, असं माझं मत आहे. तुमच्या आजोबांनी काडी कुठल्या बाजूने धरली ते त्यावरून कळतं.

लाकडावर पोचे असतील तर ओलं सुती फडकं ठेवून वर गरम इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवा. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. तंतू तुटले असतील, म्हणजे ओरखडा असेल, तर याचा उपयोग नाही. आणि ठशाच्या जवळपास वाफ नेऊ नका. ठसा म्हणजे दाबलेलं लाकूडच, तोही पोच्यासारखा वर येईल.

नळीकडे येऊ. ती एबोनाइटची आहे, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. जुनी एबोनाइटची शाईपेनं ज्यांनी वापरली आहेत त्यांना हा शेवाळी-तपकिरी रंग ओळखीचा असेल. प्रकाश आणि दमट हवेने पृष्ठभागावरचं गंधक सुटतं, त्याचं आम्ल तयार होतं. नळी जिभेला कडू आणि सडक्या अंड्यासारखी लागते ती यामुळे. हा थर पातळ असतो, खाली काळा एबोनाइट शाबूत असतो.

कपड्यांच्या ब्लीचमध्ये नळी बुडवायचा सल्ला तुम्हाला बऱ्याच ठिकाणी मिळेल. रंग झटकन जातो हे खरं, पण पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पुढे तो अजून लवकर हिरवा पडतो. शिवाय काही सिस्टिम नळ्यांच्या आतल्या टोकाला ॲल्युमिनियमची छोटी नळकांडी असते, ती ब्लीचने खाल्ली जाते. त्यापेक्षा हाताने करा. दातांच्या खुणा उठवायच्या असतील तर त्या आधी. एबोनाइट तापला की मूळ आकाराकडे परत जातो. हेअर ड्रायरने फक्त टोक गरम करा, पोचे बरेचसे भरून येतात. नळीचा मधला बाक तापू देऊ नका. तो कारखान्यात तापवूनच दिलेला असतो, त्यामुळे गरम झाला की नळी सरळ व्हायला लागते. मग वॉटर पेपर ओला करून 600 पासून सुरू करा, 800, 1000, 1500, 2000 असं चढत जा. प्रत्येक नंबराला आधीच्या नंबराचे ओरखडे पूर्ण गेले की मगच पुढे. कोरडं घासू नका, ती धूळ छातीत जायला नको. नळी कडीत शिरते तो भाग घासायचाच नाही, नाहीतर सैल होईल. नळीवर पीटरसनचं ‘पी’ अक्षर असेल तर त्याला चिकटपट्टी लावून झाका. टोकाची धार आणि वरच्या भोकाभोवतीचा उंचवटा बोटाने चाचपत राहा. पीटरसनची ओळख त्या टोकात आहे आणि तेच सगळ्यात आधी गोल होऊन जातं.

दातांच्या खुणांबद्दल मात्र आधी घरात बोला. नळीला आरपार भोक पडलं असेल तर ते काळ्या सायनोॲक्रिलेटमध्ये (झटपट चिकटणाऱ्या गोंदात) कोळशाची बारीक पूड कालवून बुजवावं लागेल. पण नुसते पोचे असतील तर ते भरून काढण्याआधी विचार करा. ते तुमच्या आजोबांचे दात आहेत. माझ्याकडे अशी घरातली वस्तू आली की मी त्या खुणा ठेवून भोवती उजळतो, आणि पाइप परत नेणारे बहुतेक लोक तेच मागतात.

शेवटी मेण. मेलामाइन, लाखेचं पॉलिश, व्हार्निश यांतलं काहीही नको. लाकूड तापलं की हे थर फुगतात आणि सोलतात, आणि पाइप तोवर प्लॅस्टिकसारखा दिसतो. खोबरेल किंवा जवसाचं तेलही नको, एक खवट होतं आणि दुसऱ्याचा चिकट पापुद्रा बनतो. पाइपला लागतं कार्नौबा मेण, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं. ते 82 ते 86 अंशांना वितळतं. मधमाशीचं मेण 62-64 अंशांनाच वितळतं, त्यामुळे तापलेल्या वाटीवर आणि आपल्या उन्हाळ्यात हाताला चिकटतं. कार्नौबा चाकाने चढवायचं असेल तर कोरं सुती चाक आणि मिनिटाला 1400 फेऱ्यांची मोटर हवी. सराफाची मोटर सहसा 2800 फेऱ्यांची असते आणि चाकावर धातूचा मसाला बसलेला असतो. तिथे पाइप हातातून उडतो, नाहीतर ठसा पुसला जातो. चाक नसेल तर कार्नौबा असलेलं तयार पेस्ट मेण अगदी थोडं लावा आणि जुन्या मऊ धोतराच्या फडक्याने घासत बसा. चमक कमी येईल, पण ठसा सुरक्षित राहील. ठशावर मेण बोटाने लावायचं, चाक न्यायचं नाही.

दांड्याला चीर दिसली, कडी सैल होऊन फिरायला लागली किंवा वाटीची भिंत एखाद्या जागी पातळ वाटली, तर तिथे थांबा आणि पाइप दुरुस्तीचं काम खरंच केलेल्या माणसाकडे पाठवा. चीर पुढे सरकू नये म्हणून तिच्या टोकाला सुईएवढं भोक पाडून मग ती चिकटवतात. हे काम पहिल्याच पाइपवर शिकू नये.

काम झाल्यावर पाइप पुन्हा त्या ट्रंकेत नको. डांबरगोळ्यांचा वास ब्रायर शोषून घेतं आणि मग तो निघता निघत नाही. उन्हात किंवा खिडकीतल्या काचेच्या कपाटातही नको, नळी पुन्हा हिरवी पडेल. नळी वेगळी काढून, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, बंद लाकडी खणात ठेवा. रबर बँड लावू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून कोरड्या फडक्याने पुसा आणि वाटीत बुरशी नाही ना, ते पाहा.